दुखणे कोणाचे?

पूर्वी आमच्या अमरावतीस डॉक्टर घरी येत. ही गोष्ट फार जुनी नव्हे. पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांपैकी पुष्कळांस ती आठवत असेल. कातडी पेटी घेऊन डॉक्टर दारात उभे राहिले की घरातील कर्ता पुरुष लगबगीने पुढे होऊन ती आपल्या हाती घेई, आणि हात धुण्यास पाण्याचा तांब्या व धुवट पंचा घेऊन एखादे पोर न्हाणीपाशी तिष्ठत राही. डॉक्टर रोग्याची नाडी पाहत, जीभ पाहत. परंतु तेवढेच पाहत असे नव्हे. खोलीत उजेड किती आहे, रोग्याच्या उशाशी कोण बसले आहे, ‘दुखते कोठे’ या प्रश्नास रोगी उत्तर देतो की त्याची आई, औषधाच्या पैशाचा विषय निघताच कोणाचे डोळे कोणाकडे वळतात, हे काही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. चिठ्ठीवर यातील एक अक्षरही उमटत नसे. पण जाताना दाराशी घुटमळून ते सासूबाईंस हळूच म्हणत, ‘सूनबाईंस पंधरा दिवस माहेरी पाठवा,’ आणि निम्मा ताप त्या वाक्याने उतरे. पुढे दवाखाने वाढले, तपासण्या वाढल्या, रोगी एकटा डॉक्टरांपुढे जाऊन बसू लागला. घर मात्र बाहेरच्या बाकावर बसून राहिले.

अलीकडे घरी येणारी एक निराळीच व्यक्ती आमच्या पाहण्यात आली आहे. ती औषध देत नाही, नाडी पाहत नाही, आणि बहुतेक वेळ बोलतही नाही. शहरात तिला समुपदेशक म्हणतात. खेड्यात नुसते ‘ताई’ म्हणतात, कारण बहुधा ती स्त्रीच असते. आमची एक जुनी विद्यार्थिनी समाजकार्याची पदवी घेऊन या कामात पडली आहे. ती ज्या रीतीने काम करते त्या रीतीचे मूळ तत्त्व एका वाक्यात सांगता येते, आणि ते ऐकून कोणाही गृहस्थास प्रथम राग यावा असेच ते आहे. ज्या माणसाकडे बोट दाखवून आपण ‘हा बिघडला’ असे म्हणतो, त्याचे दुखणे पुष्कळदा त्याच्या एकट्याचे नसते. दुखणे घराचे असते, ते उठते मात्र त्याच्या अंगावर. म्हणून त्या एकास बाहेर बोलावून उपदेश करण्यापेक्षा घरातील सर्व माणसांस त्यांच्याच ओसरीवर, त्यांच्या नेहमीच्या जागी बसलेले पाहावे, आणि कोणाचा धागा कोणाशी गुंतला आहे ते त्यांचे त्यांस दिसू द्यावे.

हा विचार पाश्चात्त्य देशांत १९५० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत मूळ धरू लागला. अमेरिकेत मरे बोवेन या मनोवैद्याने १९५४ पासून काही मनोरुग्णांबरोबर त्यांच्या आयांस, आणि पुढे बापांस व भावंडांसही, रुग्णालयातच राहावयास आणले व सबंध घराचे निरीक्षण केले. दोन माणसांतील ताण सोसेनासा झाला की ती दोघे तिसऱ्यास मध्ये ओढतात, असा त्याचा एक सिद्धांत आहे. सासू, सून आणि मधला मुलगा हा त्रिकोण ज्यांनी पाहिला आहे त्यांस तो शिकण्यासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याचे कारण नव्हते, ही गोष्ट वेगळी! साल्वादोर मिनुचिन हा दुसरा मोठा मनुष्य. जन्माने अर्जेंटिनाचा. न्यूयॉर्कजवळच्या विल्टविक शाळेत तो गरीब वस्त्यांतील वाया गेलेली म्हणून पाठविलेली मुले हाताळीत असे. शाळेत वळण लागलेली मुले घरी परतताच पुन्हा पूर्वपदावर जात. तेव्हा त्याने मुलास सोडून घराचाच विचार आरंभिला, आणि १९६७ साली सहकाऱ्यांसह त्या अनुभवावर ग्रंथ प्रसिद्ध केला. आम्हांस त्याची अधिक आवडणारी गोष्ट पुढचीच आहे. फिलाडेल्फियास त्याने पदव्या नसलेल्या, त्याच वस्तीत राहणाऱ्या माणसांस हे काम शिकविले. आणि आपल्याकडे? अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० नंतरच्या दशकात आवारात तंबू ठोकून रोग्यांबरोबर त्यांच्या नातलगांस राहावयास बोलाविले होते. तेथे घर रुग्णालयात आले. आमची विद्यार्थिनी उलट दिशेने निघाली आहे, एवढाच फरक.

ती जाते ती वलगावच्या बाजूस. अमरावतीहून परतवाड्याच्या वाटेने निघाले की पेढी नदीपाशी हे गाव लागते. वऱ्हाडातील कोणासही वलगाव म्हटले की गाडगेबाबा आठवतात, कारण २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे आणले जात असता येथेच वाटेत त्यांनी देह ठेवला. त्यांचे खराटा आणि गाडगे सर्वांच्या ध्यानात आहे. त्यांचे बालपण मात्र आपण विसरतो. १८७६ साली शेणगावी जन्मलेल्या या मुलाचा बाप, झिंगराजी, दारूपायी संपला. आई मुलास घेऊन दापुऱ्यास आपल्या माहेरी आली. तेथे मामाचे शेत सावकाराच्या घशात जाताना या मुलाने डोळ्यांनी पाहिले. बापाची दारू, आईचे परावलंबन, मामाचे कर्ज, आणि त्या सर्वांच्या मध्ये वाढणारा, गुरे राखणारा एक मुलगा! नव्या शास्त्राचा कोणी अभ्यासक हे पाहता तर पानभर वंशवृक्ष काढून रेघांनी तो भरून टाकता. आपल्या मुलीच्या बारशास बाबांनी मद्यमांसाची जातरीत मोडून गोड जेवण घातले, तेव्हा त्यांनी घराच्या साखळीतील एक कडी तोडली होती. पुढे १९०५ साली ते घर सोडून गेले व गावोगाव इतरांच्या घरांस शहाणे करीत हिंडले. त्यांच्या कीर्तनात नवरा, बायको, सासू, पोर सारी एकत्र बसलेली असत; बाबा प्रश्न करीत आणि समुदाय उत्तर देई; त्यामुळे ‘हे त्याच्यासाठी आहे, माझ्यासाठी नव्हे’ असे म्हणण्यास कोणासच जागा उरत नसे. वलगावच्या ओसऱ्यांवर चालणाऱ्या या नव्या कामास आम्ही परदेशी म्हणत नाही ते यामुळे.

त्यांपैकी एका ओसरीवर, घरच्यांची संमती घेऊन, आम्ही दोन वेळा बसलो. कोणाची ओळख पटू नये एवढ्यासाठी येथे काही तपशील बदलले आहेत.

म्हातारा, म्हातारी, तिशीतला मुलगा, सून आणि दोन नातवंडे असे ते घर. शेत पाच एकर, कोरडवाहू. दोन वर्षे कपाशी हातची गेली, आणि त्यानंतर मुलगा शेतात जाईनासा झाला; दिवसा झोपे, संध्याकाळी पिऊन येई, कोणाशी बोलत नसे. आशाताईने घरोघरच्या पाहणीत त्याचे नाव लिहून घेतले आणि त्यातून आमची विद्यार्थिनी तेथे पोहोचली. म्हाताऱ्याने पहिल्याच दिवशी निकाल सांगून टाकला होता : ‘याले समजावून सांगा बाई. बाकी घरात कोनाले काई नाई.’

आम्ही गेलो तो तिसरा दिवस होता. म्हातारा खाटेवर, मुलगा तीन हातांवर भिंतीशी, म्हातारी दोघांच्या मध्ये तूर निवडीत, आणि सून आतल्या दाराच्या चौकटीआड. तिच्या बांगड्या ऐकू येत, ती दिसत नसे. थोड्या वेळाने म्हातारा बायकोस म्हणाला, ‘त्याले इचार, वावरात गेलता का?’ म्हातारीने मान वळवून मुलास विचारले, ‘बाबा इचारते, वावरात गेलता का?’ मुलगा म्हणाला, ‘सांग त्याइले, गेलतो.’ म्हातारीने ते उत्तर जसेच्या तसे खाटेकडे पोहोचते केले. तीन हातांचे अंतर, आणि मध्ये हा डाकखाना! आम्हांस हसू आले. घरात कोणासच आले नाही. त्यांस यात काही विशेष वाटत नव्हते, कारण वर्षभर असेच चालले होते. दवाखान्याच्या खोलीत मुलास एकट्यास बसवून कितीही प्रश्न केले असते तरी हा डाकखाना डॉक्टरांस दिसता ना.

आमच्या विद्यार्थिनीने उपदेश केला नाही. ती इतकेच म्हणाली, ‘बाबा, हा तर इथेच बसला आहे. त्यालाच विचारा ना. आणि आईंना जरा तूर निवडू द्या.’ म्हातारी दचकली. आपले काम काढून घेतले जात आहे असे तिच्या मुद्रेवरून वाटले. म्हातारा बराच वेळ छपराकडे पाहत राहिला व मग मुलाकडे न पाहताच म्हणाला, ‘यंदा काय पेरतं?’ उत्तर लवकर आले नाही. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, नातवंड आत-बाहेर करून आले, आणि मग मुलगा म्हणाला, ‘सोयाबीन. पऱ्हाटी नाई.’ म्हाताऱ्यास ते पटले नाही. त्याने कपाशीची बाजू मांडली. दोघे भांडू लागले. विद्यार्थिनीच्या मुद्रेवर आम्हांस समाधान दिसले. परतताना ती म्हणाली, ‘सर, वर्षभरात आज पहिल्यांदा भांडले.’

याच घरात पुढे जे घडले त्यावरून या कामाची खरी अडचण ध्यानात येते. एके दिवशी सून पाणी देण्याच्या निमित्ताने तिला एकटीला गाठून म्हणाली, ‘माही पोत गहान हाय. मामाजीनं ठेवली. याइले सांगू नको म्हने.’ बियाण्याच्या पैशासाठी सासऱ्याने सुनेच्या गळ्यातली पोत गहाण टाकली होती आणि ती गोष्ट नवऱ्यापासून लपविण्याचे ओझे तिच्यावरच घातले होते. नवऱ्यास संशय होता. बायको काहीतरी चोरते एवढे त्यास कळत होते, काय ते कळत नव्हते. आता हे गुपित बाहेरच्या बाईपाशी आले. तिने ते मुलास सांगावे तर सुनेचा विश्वासघात, न सांगावे तर तीही त्या लपवाछपवीत सामील. त्रिकोणात ओढले जाणे म्हणतात ते हेच. तिने सुनेस सांगितले, ‘मी बोलणार नाही, पण हे फार दिवस झाकण्यात तुम्हांला मदतही करणार नाही.’ पुढच्या भेटीत तिने सर्वांस एकच प्रश्न केला : या घरावर किती देणे आहे, आणि ते कोणाकोणास ठाऊक आहे? प्रत्येकाने निराळा आकडा सांगितला. म्हाताऱ्याने तिघांचे आकडे ऐकून घेतले, उठून चिलीम भरली, आणि पोतीची गोष्ट आपल्या तोंडाने सांगितली. त्या दिवशी मुलगा पिऊन आला, नेहमीपेक्षा अधिक. त्यानंतरच्या आठवड्यात मात्र तो बापाबरोबर सावकाराकडे गेला.

अशा वेळी घरातील प्रत्येक जण या बाईस पंच करू पाहतो. ‘तुमीच सांगा आता, कोनाचं चुकलं?’ हे वाक्य ती दर भेटीत ऐकते. आपल्या समाजास पंचाची सवय फार जुनी. बाहेरचा शहाणा मनुष्य घरात आला की तो निवाडा करावयासच आला असे आपण धरून चालतो. परंतु तिने एकदा कोणाच्या पारड्यात आपले वजन टाकले की तिचा उपयोग संपला. निवाडा न देता बसून राहणे हे आम्हां शिकविणाऱ्यांस किती कठीण आहे ते आम्ही जाणतो. तीस वर्षे वर्गात उत्तरे देण्यात गेल्यावर गप्प राहण्याची विद्या अंगी कोठून येणार?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. घरातील सर्वांस एकत्र बोलवावयाचे म्हणजे ज्याचा आवाज मोठा त्याचेच ऐकू येणार. सून चौकटीआडून काय बोलणार? आणि घरी मारहाण होत असेल तर मारणाऱ्यासमोर मार खाणारीस बोलते करणे हा शुद्ध अविचार होय. ‘दुखणे घराचे आहे’ हे तत्त्व तेथे लंगडे पडते. हात उगारणारा एकच असतो, आणि त्याची जबाबदारी सगळ्या घरावर वाटून टाकता येत नाही. पाश्चात्त्य देशांतही स्त्रियांच्या बाजूने विचार करणाऱ्यांनी या पद्धतीवर हाच घाव घातला होता, आणि तो योग्य होता असे आमचे मत आहे. तशा घरात आमची विद्यार्थिनी एकत्र बैठक घेतच नाही. बाईस वेगळी भेटते आणि कायद्याची वाट दाखविते.

आता वऱ्हाडात हे लिहिताना ज्या विषयास टाळून पुढे जाता येत नाही त्याकडे वळू. शेतकऱ्याने जीव दिला की सरकारी कागदावर कारणाचा रकाना असतो. २००५-०६ पासून महाराष्ट्र शासन अशा कुटुंबास १ लाख रुपये साहाय्य देते, पैकी ३० हजार रोख व ७० हजार ठेवीच्या रूपाने. त्यासाठी नापिकी, बँकेचे वा सहकारी संस्थेचे वा परवानाधारक सावकाराचे थकलेले कर्ज, अथवा त्याचा तगादा, यांपैकी कारण सिद्ध व्हावे लागते. घरगुती भांडण वा दारू हे कारण ठरले की प्रकरण ‘अपात्र’. तिकडे देशभरच्या आत्महत्यांची नोंद ठेवणाऱ्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात ‘कौटुंबिक प्रश्न’ हेच सर्वांत मोठे कारण दिले आहे, शेकडा ३१.७. हे दोन कागद शेजारी ठेवावे आणि मग त्या पोतीचा विचार करावा. पोत गहाण पडली ती नापिकीमुळे. नवराबायकोत अंतर पडले ते पोतीमुळे. दारू वाढली ती त्या अंतरामुळे. दुर्दैवाने त्या मुलाचे काही बरेवाईट झाले असते, तर शेजाऱ्यांनी पोलिसांस काय सांगितले असते? ‘पीत होता, घरात भांडणे होती.’ आणि विधवा अपात्र ठरली असती. कारकून रकाने पाडतो तो त्याचा धर्मच आहे. पण घरात रकाने नसतात.

येथेच या शास्त्राची मर्यादाही दिसते. कुटुंब ही एक जुळलेली व्यवस्था आहे असे ते म्हणते. परंतु त्या व्यवस्थेची शीव कोठे आखावयाची? वलगावच्या त्या ओसरीवर सावकार हा न दिसणारा सातवा मनुष्य होता, आणि कापसाचा भाव हा आठवा. त्यांस सतरंजीवर बोलावून ‘एकमेकांशी सरळ बोला’ असे सांगता येत नाही. समुपदेशनाने पाऊस पडत नाही. ज्यांस कर्जमुक्तीच्या जागी समुपदेशन देऊन मोकळे व्हावयाचे आहे अशा धोरणकर्त्यांपासून या विद्येस जपले पाहिजे. मात्र भाव पडलेला असताना बापलेक एकमेकांशी बोलत असणे आणि नसणे, यात केवढे अंतर आहे ते ज्या घराने भोगले आहे त्यास विचारावे.

घरी जाऊन काम केल्याने फरक पडतो याचा पुरावा आमच्याच जिल्ह्यात आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा मानसिक आरोग्याचा एक कार्यक्रम झाला. त्याचे फलित डॉ. राहुल शिधये व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केले. उदासीनतेचा विकार असलेल्यांपैकी शेकडा ४.३ लोकच आरंभी उपचारापर्यंत पोहोचत होते. १८ महिन्यांनंतरच्या पाहणीत हे प्रमाण २७.२ वर गेले. तो कार्यक्रम कुटुंबोपचाराचा नव्हता, रोग्याच्या उदासीनतेवरचा होता, हे सांगणे प्राप्त आहे; पण काम करणारी माणसे गावातली होती, थोड्या शिक्षणावर तयार केलेली होती, आणि ती लोकांच्या दारी जात. फिलाडेल्फियाची आठवण होते ती यामुळे. शासनानेही २०१५ साली आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू करून आशाताईंच्या हाती प्रश्नावली दिली. आशाताईंच्या मागे मात्र इतकी कामे आणि इतक्या नोंदवह्या आहेत की एका घरी त्यांनी तासभर बसावे म्हटले तर त्यांचा दिवस पुरत नाही. आणि तासभर बसल्यावाचून तो डाकखाना दिसत नाही.

वलगावच्या घरी त्या वर्षी तीन एकर सोयाबीन आणि दोन एकर कपाशी पेरली गेली. दोघांचेही राहिले. पीक बेताचे आले, पोत अजून सुटलेली नाही, मुलगा पिणे सोडून बसला आहे असेही नाही. बाजाराच्या दिवशी पितो. सून चौकटीच्या अलीकडे येऊन बसते, आणि म्हातारीस आता बोलण्यास आपले स्वतःचे विषय शोधावे लागतात, त्याची तिला चीड आहे.

हे वाचून सुशिक्षित वाचकास वाटेल की हा खेड्यातील, गरिबांचा प्रश्न. आमच्या विद्यार्थिनीचा अनुभव याहून वेगळा आहे. खेड्यात ओसरी उघडी असते. शेजारीण येऊन बसते, तिला हळूच वाटेस लावावे लागते, एवढाच त्रास. शहरात दारच उघडत नाही. आमच्याच वस्तीतील एका कुटुंबाने, मुलगा वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत दुसऱ्यांदा अपयश येऊन खोलीबाहेर पडेनासा झाला तेव्हा, तिला बोलाविले. पण प्रथम पुष्कळ चौकशी केली. मुलाला बाहेर कोठे भेटता येणार नाही काय? घरीच का? आम्हां दोघांचे त्यात काय काम? शेवटी एका अटीवर होकार मिळाला. जिन्यात कोणी विचारले तर तिने आपण शिकवणीच्या बाई आहो असे सांगावे. खोटे बोलणार नाही, विचारल्यास नुसती हसेन, असे तिने कळविले, आणि त्यावर तडजोड झाली. ती दर मंगळवारी तेथे जाते. दिवाणखान्यात आई आणि बाप दोन टोकांच्या खुर्च्यांवर बसतात, मुलगा आतल्या दाराशी उभा राहतो, आणि बापाचे प्रश्न आईच्या तोंडून मुलाकडे जातात. शुद्ध पुणेरी मराठीत. खरोखरीच्या शिकवण्या त्या मुलास तीन आहेत, असे ती म्हणाली.